डोंगरावरच्या जुन्या सायकली

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



माझ्याआधी या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलून गेली. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षे मेकॅनिक म्हणून काम केलेला माणूस आहे. हातात पाना असला की मी तासन् तास बोलू शकतो, पण माईक दिला की घसा कोरडा पडतो. तरीसुद्धा कार्यकारिणीने आग्रह धरला की, तुम्ही मुलीकडे अमेरिकेला जाऊन आलात, तेथे काय पाहिले ते चार शब्दांत सांगा. हा आता उंच इमारती आणि गुळगुळीत रस्त्यांचे वर्णन करणार, असे आपणास वाटत असेल. ते सर्व आपण टी.व्ही.वर पाहता. मी आज सायकलींविषयी बोलणार आहे, आणि त्यासुद्धा जुन्या.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला गोल्डन गेटचा पूल ओलांडला की मरीन नावाचा डोंगराळ भाग लागतो. माझी मुलगी आणि जावई तिकडे राहतात. तेथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. हे नाव गोऱ्या लोकांनी दिलेले नाही. तेथील मूळ रहिवासी, कोस्ट मिवॉक लोक, यांच्या भाषेतून ते आले आहे. त्या लोकांची जमीन गेली, डोंगराचे नाव तेवढे राहिले. या डोंगराच्या पायथ्याच्या टापूत फेअरफॅक्स नावाचे गाव आहे. गाव कसले, आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी वस्ती.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्या देशात थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्या दिवशी घरोघरी मोठे जेवण असते. त्याच सकाळी फेअरफॅक्समधून सायकलस्वारांची एक फेरी डोंगरावर जाते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हा परिपाठ चालू आहे. फेरीचे नाव मोठे गमतीचे आहे, 'ॲपेटाइट सेमिनार', म्हणजे भुकेचा परिसंवाद. दुपारी भरपेट जेवायचे आहे, तर सकाळी डोंगर चढून भूक तयार करावी, एवढाच उद्देश. हारतुरे नाहीत, भाषण नाही. आपल्याकडे पावतीपुस्तकाशिवाय पान हलत नाही, म्हणून मला त्याचे जास्तच नवल वाटले.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जावईबापूंनी मला ही फेरी दाखवायला नेले. थंडी चांगलीच होती. जमलेल्यांत नव्या, महागड्या सायकली घेतलेले तरुण होतेच, परंतु माझे लक्ष गेले ते जुन्या सायकलींवर. काही १९८० च्या दशकातल्या होत्या. पोलादी नळ्यांची फ्रेम, पुढच्या चिमट्याला स्प्रिंग नाही, गिअर बदलायला हँडलवर अंगठ्याने ढकलायची दांडी. आणि दोन-तीन तर त्याहूनही म्हाताऱ्या. जाड चिमटा, फुगीर टायर, वाकडी दांडी. आपल्या दूधवाल्याची सायकल कशी असते, तसा त्यांचा भारदस्तपणा. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अशी एक सायकल धरून उभे होते. मी वाकून चाकाकडे पाहू लागलो. मागच्या चाकाला थोडा आऊट होता. मी बोटाने दाखवले. त्यांनी खिशातून तारा आवळायची चावी काढून माझ्या हातात ठेवली. भाषा कळण्याचा प्रश्नच आला नाही. पाच मिनिटांत चाक सरळ फिरू लागले, तेव्हा त्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. मला इंग्रजी चार वाक्यांपलीकडे येत नाही, पण त्या दिवसापुरता मी त्या गावचा झालो.

आता या सायकलींची हकीकत सांगतो, कारण ती ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत श्विन नावाची एक जुनी कंपनी. तिने १९३३ मध्ये जाड, फुगीर टायरच्या सायकली बाजारात आणल्या. टायर दोन इंचांहून रुंद, त्यात हवा कमी. त्या मुख्यतः पोरांसाठी होत्या. पेपर टाकायला, शाळेला जायला. पोरे त्या फुटपाथवरून उडवीत, म्हणून त्या मजबूत बनवल्या. पुढे पोरे मोठी झाली, सायकली अडगळीत गेल्या. १९७० च्या दशकात मरीनमधल्या काही तरुणांनी त्या भंगारातून, जुन्या दुकानांतून, कोणाच्या परसातून शोधून काढल्या. त्यांतल्या श्विनच्या एक्सेलसियर नावाच्या फ्रेमला त्यांची विशेष पसंती होती. मडगार्ड, कॅरिअर, साखळीचे झाकण सर्व काढून टाकायचे आणि डोंगरावर न्यायची. हीच मंडळी एरव्ही बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकली चालवीत. पण त्या टायरात हवा कडक, दगडावर गेले की ट्यूब फुटलीच. डोंगराला म्हाताऱ्या सायकलीच उपयोगी पडल्या.

वजन मात्र वीस किलोंच्या वर. वर चढवताना ढकलायच्या, आणि उतारावर सोडायच्या. ब्रेक कसला? मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेला, पायडल उलटे दाबले की लागणारा. फेअरफॅक्सच्या पश्चिमेला वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता आहे. सुमारे दोन मैलांत तो १३०० फूट खाली उतरतो. एवढ्या उतारावर सारखा ब्रेक दाबला की हब तापतो, आतले ग्रीस वितळून जळते आणि धूर निघतो. खाली पोचल्यावर हब उघडायचा, पुसायचा, नवे ग्रीस भरायचे, तेव्हाच पुढची खेप. ग्रीस पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या रस्त्याचे नावच रीपॅक पडले.

बंधू-भगिनींनो, हे जावयाने मला सांगितले तेव्हा मी तेथेच हसलो. ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना ओव्हरऑइलिंग हा शब्द आठवत असेल. माझे वडील भुसावळला कडुलिंबाच्या झाडाखाली बसून तेच काम करीत. रॉकेलच्या डबीत छर्रे धुवायचे, कोन पुसायचा, बोटाने ग्रीस लावून एकेक छर्रा बसवायचा. मोजून. एक छर्रा कमी बसला तर गिऱ्हाईक आठ दिवसांत परत येते. मी दहा वर्षांचा असल्यापासून छर्रे मोजत होतो. जगातल्या एका प्रसिद्ध रस्त्याला आमच्या कामाचे नाव आहे, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळले.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. वरून एकेकाला वेळ लावून सोडायचे, खाली कोण किती वेळात पोचतो ते पाहायचे. पहिल्या दिवशी ॲलन बाँड्स नावाचा तरुण जिंकला, आणि त्याचे कारण असे सांगतात की, न पडता खाली आलेला तो एकटाच होता! पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांत तो उतार पार केला. हा उच्चांक कोणी मोडला नाही.

उतारावर त्या सायकली मोडत. मोडले की नवे बसवायचे. जोडसायकलीचे ड्रम ब्रेक, मोटारसायकलीच्या ब्रेकच्या दांड्या, गिअर. असे करता करता सायकल बदलत गेली. १९७७ मध्ये जो ब्रीझ नावाच्या तरुणाने जुनी फ्रेम न घेता, खास डोंगरासाठी नव्या नळ्यांची फ्रेम स्वतः बनवली. अशा दहा सायकली त्याने केल्या. त्यांतली पहिली आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने बनवलेल्या फ्रेमवर 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला. ते नाव त्यांच्याकडे राहिले नाही, ते साऱ्या जगाचे झाले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये तयार करून घेतलेली स्टम्पजंपर बाजारात आली, आणि मग कारखान्यांची रांग लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत प्रथम खेळली गेली. भंगारातून ऑलिम्पिकपर्यंत वीस वर्षे. आपल्याकडे १९९० च्या दशकात जाड टायरची रेंजर सायकल मागून ज्या पोरांनी आईबापांचे डोके खाल्ले, त्यांनाही हे ठाऊक नव्हते की ही फॅशन कोठून निघाली.

परंतु मला सांगायचे आहे ते यापुढचे.

फेअरफॅक्समध्ये २०१५ साली सायकलींचे संग्रहालय उघडले. तेथे मी दोन वेळा गेलो. एवढी माहिती त्यांच्याकडे कशी, कोणी कोणत्या दिवशी किती मिनिटांत उतरला हे पन्नास वर्षांनंतर कसे कळते, असे मी जावयाला विचारले. त्याचे उत्तर साधे निघाले. चार्ली केली शर्यतीच्या वेळा वहीत लिहून ठेवीत असे. आणि वेंडी क्रॅग नावाची एक तरुणी त्या मुलांबरोबर डोंगरावर जात असे. त्या टोळीत सुरुवातीला बाई म्हटली तर जवळजवळ तीच. ती स्वतः सायकल चालवी आणि गळ्यात कॅमेरा असे. आज त्या दिवसांचे जे फोटो जगभर छापले जातात, त्यांतले कितीतरी तिचे आहेत. एक वही आणि एक कॅमेरा. मुले काही इतिहास घडवायला गेली नव्हती, मजा करायला गेली होती. लिहून ठेवले म्हणून इतिहास झाला.

आणि जे लिहिले गेले नाही त्याचे काय होते, तेही याच हकीकतीत आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी मरीनमधल्याच मिल व्हॅली येथे एक शर्यत होती. तिला दक्षिणेकडच्या क्युपर्टिनो गावाहून काही तरुण आले. आपल्या टोळीला ते मॉरो डर्ट क्लब म्हणत. त्यांच्या जाड टायरच्या जुन्या सायकलींना गिअर होते आणि ते बदलायच्या दांड्या हँडलवर होत्या. मरीनच्या मुलांनी ते पाहिले. क्युपर्टिनोची मुले आपल्या गावी परत गेली, त्यांनी दुकान काढले नाही, कंपनी काढली नाही. बरीच वर्षे त्यांचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते. डोंगरी सायकल कोणी शोधली, यावर तिकडे आजही वाद घालतात. मला विचाराल तर हा वाद एका माणसाच्या नावाने मिटणारच नाही. ज्याने श्विनमध्ये ती फ्रेम जोडली त्या कामगाराचे नाव कोणाला ठाऊक आहे?

फेरीच्या दिवशी मी गाडीने वरपर्यंत गेलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. रस्ता संपून कच्ची वाट सुरू होते तेथे उभा राहून येणाऱ्यांना पाहत होतो. नवी सायकलवाली पोरे सरसर गेली. म्हाताऱ्या सायकलींवरचे लोक उतरून ढकलत होते, आणि ढकलताना गप्पा मारीत होते. कोणाची साखळी निसटली की तिघे थांबत. सुटे भाग आता मिळत नाहीत, कारण नव्या सायकलींची चाके मोठी झाली, सव्वीस इंची चाक मागे पडले. म्हणून प्रत्येकाच्या घरी डबा आहे, त्यात जुने कोन, जुने छर्रे. कोणाकडे काय आहे ते एकमेकांना ठाऊक असते. तेथे वादही आहेत. डोंगरावरच्या बहुतेक अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आहे, रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, आणि पायी चालणाऱ्यांशी सायकलवाल्यांची कुरबुर चाळीस वर्षे चालू आहे. पायी चालणाऱ्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. वळणावरून अंगावर सायकल आली तर म्हाताऱ्या माणसाने कोठे उडी मारावी?

त्या दिवशी आणि त्या फोटोंत मला एक गोष्ट जाणवली. जवळजवळ सगळे चेहरे गोरे. यात त्या मुलांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. ज्याच्या घराजवळ डोंगर तो डोंगरावर जाणार. पण रात्री जेवताना मी मुलीला विचारले, की या देशात काळ्या माणसाने कधी डोंगरावर सायकल नेली नाही काय? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला एक जुना फोटो काढून दाखवला. खडकाळ, उघड्या डोंगरावर गणवेशातले काळे सैनिक सायकली घेऊन रांगेत उभे आहेत. साल १८९६.

ही पंचविसावी इन्फंट्री. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत आणि त्यांच्यावरचे अधिकारी गोरे असत. मोंटाना प्रांतातल्या फोर्ट मिझूला येथे ही पलटण होती. घोड्याला दाणावैरण लागते, सायकलीला लागत नाही, तर सैन्याला सायकल चालेल काय, हे पाहण्यासाठी लेफ्टनंट जेम्स मॉस याने प्रयोग केला. १८९६ मध्ये ते यलोस्टोनच्या डोंगरांत गेले. १४ जून १८९७ रोजी वीस सैनिक, मॉस, एक डॉक्टर आणि एक बातमीदार मिझूलाहून निघाले आणि सुमारे १९०० मैलांवरच्या सेंट लुईसला २४ जुलैला पोचले. एकेचाळीस दिवस. सामानासकट सायकलीचे वजन सुमारे ५९ पौंड. रॉकी पर्वत, चिखल, बर्फ, आणि नेब्रास्कात वाळू, जिथे चाक फिरत नाही म्हणून त्यांनी रेल्वेच्या रुळांमधून स्लीपरवर सायकली नेल्या. पाणी खारट, लोक आजारी पडले. आणि त्यांच्याबरोबर सायकली दुरुस्त करणारा एक शिपाई होता, जॉन फिंडली. हे नाव मी वहीत लिहून घेतले आहे.

प्रयोग यशस्वी झाला, असे मॉसने लिहिले. सैनिकांना मात्र आगगाडीने परत पाठवले. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध झाले, पलटण क्युबाला गेली, सायकलींचा विषय संपला.

त्या वीस जणांत मिंगो सँडर्स नावाचा सार्जंट होता. वय ३९, सर्वांत मोठा, एका डोळ्याने अधू. १९०६ साली टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला, एक माणूस मेला. गावाने बोट पलटणीतल्या काळ्या सैनिकांकडे दाखवले. खटला नाही, पुरावा नाही. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ सैनिकांना एकदम काढून टाकले. मिंगो सँडर्स त्यांत होता. पंचवीस वर्षांहून अधिक नोकरी झालेली, पेन्शन जवळ आलेली. ती गेली. १९७२ मध्ये सरकारने तो हुकूम रद्द केला. सँडर्स १९२९ सालीच वारला होता.

मी स्वतः पेन्शनर आहे. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मला पुढचा घास गेला नाही.

पण ते पूर्ण पुसलेही गेले नाहीत. १९७४ मध्ये मोंटाना विद्यापीठातले काही विद्यार्थी मिझूलाहून सेंट लुईसला त्याच वाटेने सायकलींवर गेले. योगायोग पाहा, त्याच वर्षी क्युपर्टिनोची मुले मिल व्हॅलीत आली होती. २०२२ मध्ये, या प्रवासाला १२५ वर्षे झाली तेव्हा, एरिक सेडेन्यो नावाच्या सायकलस्वाराने पुन्हा तो मार्ग चालून दाखवला. जुन्या सायकलींची फेरी म्हणजे काय, हे मला फेअरफॅक्समध्ये अर्धेच कळले होते. उरलेले मिझूलाने सांगितले.

आता घरचे सांगतो आणि आपला निरोप घेतो. परत आल्यावर मी वडिलांची लाकडी पेटी माळ्यावरून काढली. पाने आहेत, चेन तोडायचे यंत्र आहे, पंक्चरची कानस आहे, रॉकेलची डबी आहे. वस्तीतल्या पोरांकडे गंजलेल्या चार सायकली निघाल्या, त्यांत दोन रेंजर. गेले तीन महिने रविवारी सकाळी आम्ही त्यांचे ओव्हरऑइलिंग करतो आहोत. मुली छर्रे मुलांपेक्षा नीट मोजतात, हे मी अनुभवाने सांगतो. तीन सायकली चालू झाल्या, चौथीचा बी.बी. एक्सल मिळत नाही. कोणाच्या घरी अडगळीत असेल तर कृपया मला भेटा. कोणत्या सायकलीला कोणी काय केले ते एका वहीत लिहितो आहोत.

आणखी एक विनंती. माझ्या वडिलांनी भुसावळला त्या कडुलिंबाखाली अठ्ठावीस वर्षे काम केले. दुकानाला पाटी नव्हती. तेथे बसलेला त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या काळी रेल्वे कॉलनीतल्या काही लोकांकडे कॅमेरे होते. एखाद्या लग्नाच्या, मिरवणुकीच्या फोटोत मागे झाड दिसत असेल, झाडाखाली उलटी ठेवलेली सायकल आणि वाकलेला माणूस दिसत असेल, तर तो फोटो मला एकदा पाहू द्यावा. मी तो परत करीन.

जय भीम.